नदीकाठी घर: कल्याणीनगर की विठ्ठलवाडी?

माझ्या भाच्याला पुण्यात नदीच्या जवळ घर घ्यायचंय. नवरा-बायको दोघंही खराडीला नोकरीला, मुलगी चार वर्षांची. गेले तीन महिने तो दर रविवारी दोन-तीन फ्लॅट बघतो आणि रात्री मला फोन करतो, "मामा, तुम्ही दोन्हीकडे राहिलाय ना, मग सांगा की." फोनवर तुकड्यातुकड्याने बरंच सांगून झालं. मधल्या काळात ओळखीतल्या आणखी दोघा-तिघांनी हेच विचारलं, म्हणून एकदा बैठक मारून नीट लिहून काढतोय.

जून २०२२ ते एप्रिल २०२४ आम्ही कल्याणीनगरला भाड्याने राहत होतो. मुळा-मुठेचा काठ चालत चार मिनिटांवर, घर तिसऱ्या मजल्यावर. मे २०२४ पासून सिंहगड रोडला विठ्ठलवाडीच्या अलीकडे, स्वतःच्या घरात. इथे मुठेचा काठ चालत सात मिनिटांवर, घर दुसऱ्या मजल्यावर. दोन्हीकडे दोन बेडरूम, दोन्हीकडे नदीच्या अंगाला बाल्कनी. घरात माणसंही तीच: मी, बायको, शाळेतली मुलगी आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आई. दर, चौरस फूट, पार्किंग, क्लबहाऊस हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पालथं घातलं असणार, त्यात मी पडत नाही. नदी शेजारी असली की रोजच्या जगण्यात काय फरक पडतो, तेवढंच सांगतो.

मुळात या दोन वेगळ्या नद्या आहेत. विठ्ठलवाडीला दिसते ती नुसती मुठा. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि शेवटी खडकवासला अशी चार धरणं तिच्या डोक्यावर आहेत. पावसाळा सोडला तर धरणातलं पाणी कालव्यात आणि शहराच्या नळात जातं, नदीत उतरतं ते जेमतेम. कल्याणीनगरला दिसते ती मुळा-मुठा, म्हणजे संगमावर दोघी एक झाल्यानंतरची. तिथवर येईपर्यंत मुठेच्या पोटात सगळं जुनं पुणं गेलेलं असतं. मुळेला दापोडीजवळ पवना मिळते आणि पवनेबरोबर पिंपरी-चिंचवड येतं. मुळेचं मूळचं पाणी तर मुळशीला अडवून सह्याद्रीच्या पलीकडे, भिऱ्याला वीज करायला उतरवतात. मग डिसेंबरनंतर संगमाच्या खाली जे वाहतं त्यात डोंगरातलं किती आणि आपल्या मोऱ्यांतलं किती, ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, बाल्कनीत उभं राहिलं की कळतं.

आता कल्याणीनगरचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे आणि मी दुसरी बाजू निवडली म्हणून ते झाकून ठेवणं बरोबर नाही.

नदीकाठ सुधार प्रकल्प एकूण ४४ किलोमीटरचा, अकरा टप्प्यांचा. भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते ६ मार्च २०२२ ला झालं आणि काम सुरू झालं ते नेमकं याच पट्ट्यात: संगम पूल ते बंडगार्डन आणि तिथून पुढे मुंढव्यापर्यंत. बंडगार्डनजवळचा पहिला नमुन्याचा तुकडा आमच्या डोळ्यांदेखत उभा राहिला. आम्ही राहायला गेलो तेव्हा तिथे राडारोड्याचे ढीग, बाभळीची झुडपं आणि झुडपांना अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. पाण्याजवळ जायची सोय नव्हती आणि कुणाला इच्छाही नव्हती. मग हळूहळू दगडी पायऱ्या आल्या, रुंद पायवाट आली, दिवे आले, बसायला कट्टे आले. आईला गुडघ्यांमुळे कुठे चालता येत नाही, पण त्या पायवाटेवर चढ-उतार जवळजवळ नाही. काठी टेकत टेकत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि म्हणाली, "पुण्यात येऊन पंचावन्न वर्षं झाली, नदीच्या कडेने पहिल्यांदा चालले." हे ऐकल्यावर मी त्या प्रकल्पाला सरसकट नावं ठेवू शकत नाही.

शेजारी १८६७ सालचा फिट्झगेराल्ड पूल आहे. त्याच्यावरून आता वाहनं जात नाहीत. जानेवारीतल्या सकाळी धुकं असताना त्याच्या दगडी कमानी खालून बघाव्यात. ज्या बंधाऱ्यावरून बंडगार्डनला नाव मिळालं तो जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतला. म्हणजे या काठाला लोकांनी जीव लावला तो आजचा नाही. पलीकडे येरवड्याच्या बाजूला सलीम अलींच्या नावाचा पक्ष्यांचा झाडोरा आहे. संगमाजवळ इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब आहे, १९२८ पासून त्यांची रेगाटा, म्हणजे नौकांचा उत्सव, चालत आली आहे. मेट्रोची बंडगार्डन, येरवडा, कल्याणीनगर अशी ओळीने स्टेशनं आहेत. भाच्यासारख्या खराडीला जाणाऱ्या माणसाला तर हा भाग अगदी हातावर.

झाडांचा मुद्दा मात्र मनात राहतो. काठावरच्या झाडांसाठी २०२३ मध्ये लोकांनी चिपको करून रस्त्यावर उतरून विरोध केला. मी त्या दिवशी गेलो होतो. नवी झाडं लावतातच, पण नदीच्या कडेचा उंबर आणि करंज वाढायला जितकी वर्षं लागतात तितकी आमच्या आईकडे नाहीत आणि माझ्याकडेही बहुधा नाहीत. तरी घर निवडताना हा मुद्दा निर्णायक ठरेल असं नाही. आमच्यासाठी निर्णायक ठरले ते डास.

हे वाचून कुणी म्हणेल, डास कुठे नाहीत? मीही तेच म्हणायचो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बंडगार्डनच्या बंधाऱ्याच्या वर आणि पुढे मुंढव्यापर्यंत पाणी बऱ्याच ठिकाणी अडून, साचून राहतं. दिवाळी झाली की मुळा आणि पवनेकडून जलपर्णी वाहत येते. पहिल्या आठवड्यात चार-दोन हिरवे पुंजके दिसतात, बघायला छानही वाटतात. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ती अशी पोसते की जानेवारीच्या शेवटी पाणी दिसेनासं होतं. वरून बघितलं तर हिरवं मैदान वाटावं. पाहुण्यांची लहान मुलं विचारायची, तिथे खेळायला जाऊ का? त्या पानांखाली पाणी हलत नाही, ऊन पोचत नाही. घाण पाण्यातल्या क्युलेक्स डासाला याहून वेगळं काही लागत नाही, दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार.

आमचं पहिलं वर्ष निभावलं, कारण आम्ही ऑक्टोबरपर्यंतचं कल्याणीनगर बघून खूश होतो आणि फेब्रुवारी तात्पुरता असेल असं समजत होतो. दुसऱ्या वर्षी मी लक्ष ठेवलं. बाल्कनीच्या दाराला बारीक जाळी बसवून घेतली होती. संध्याकाळी सहाला ती जाळी स्वच्छ असायची. सव्वासहाला तिच्यावर बाहेरच्या बाजूने तुरळक ठिपके. साडेसहाला जाळीचा खालचा हातभर भाग काळा पडलेला. मी एकदा बोट आतून टेकवलं तर सगळा काळा थर एकदम उठला आणि पुन्हा तिथेच बसला. त्याचा आवाज आठवतो, टीव्हीचा आवाज बंद केल्यावर दुसऱ्या खोलीतून ऐकू येईल इतका. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंढवा, केशवनगर, खराडीच्या आकाशात डासांचे उंचच उंच खांब फिरताना लोकांनी टिपले आणि ते व्हिडिओ देशभर गेले. कुणी म्हणालं ते खोटे आहेत. मला शंका आली नाही.

आता आमच्या घरात यामुळे काय झालं ते सांगतो. आई दिवेलागणीला देवापुढे दिवा लावते आणि पुढचं दार उघडं ठेवते. तिच्या आईने ठेवलं, तिच्या सासूने ठेवलं. तिन्हीसांजेला लक्ष्मी येते, त्या वेळी दार लावून बसायचं नाही. हे मी मानतो की नाही हा प्रश्न वेगळा. पण घरात ती वेळ अशी असते की कामावरून आलेला माणूस दारात चपला काढतो, शेजारची मुलगी वाटी घेऊन येते, स्वयंपाकघरात फोडणीचा वास असतो आणि बाहेरचा गारवा आत येतो. कल्याणीनगरला नोव्हेंबर ते एप्रिल नेमकी ती वेळ दारं-खिडक्या गच्च लावून, कॉइल पेटवून, रॅकेटची तडतड ऐकत काढायची. आईने पहिले पंधरा दिवस दार उघडं ठेवून बघितलं. मुलीच्या पायांवर चावून चावून फोड आले, एक पिकला, डॉक्टरकडे जावं लागलं. त्या संध्याकाळी आईने आपल्या हाताने दार लावलं, दिव्याजवळ जाऊन बसली आणि काही बोलली नाही. मी तेव्हाच मनाशी ठरवलं की घर इथे घ्यायचं नाही. पुढे जे काही बघितलं, मोजलं, विचारलं ते या निर्णयाला आधार शोधत होतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

म्हणजे बघा, काठ संध्याकाळी फिरायला केला. आमच्या घरातली तीन माणसं नोकरी-शाळेतून मोकळी होतात ती सहानंतर. आणि सहानंतर वर्षातले सहा महिने त्या सुंदर पायवाटेवर ओढणीने तोंड झाकून भरभर चालावं लागायचं. सकाळी सहाला मात्र तिथे जाऊन या, तेव्हा खरोखर मन प्रसन्न होतं. दलाल घर दाखवायला सकाळीच नेतात. यात त्यांचा काही डाव असतो असं मी म्हणत नाही, त्यांनाही तीच वेळ सोयीची असेल.

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही मेहुणीकडे अहमदाबादला गेलो होतो. साबरमतीचा काठ आणि आपला नदीकाठ यांचा आराखडा एकाच वास्तुविशारदाच्या कचेरीतून आलेला, त्यामुळे मला मुद्दाम बघायचं होतं. संध्याकाळी सात ते नऊ आम्ही तिथे बसलो. समोर अटल पुलाचे रंगीत दिवे, खाली रुंद, मोकळं पाणी, वारा. जलपर्णीचं पान नाही, डास नावाला. बायको म्हणाली, आपल्याकडे असं झालं तर मी कल्याणीनगर सोडणार नाही. मी रात्रभर विचार करत होतो की तिथे जमलं ते आपल्याकडे का अडतं. उत्तर तसं सरळ आहे. साबरमतीच्या त्या पट्ट्यात नर्मदेच्या कालव्याचं पाणी आणून सोडतात आणि खाली वासणा बॅरेजला ते अडवून ठेवतात. बाहेरचं, त्या मानाने चांगलं पाणी भरलेलं ते एक लांबच लांब तळं आहे. त्यासाठी काठावरची हजारो कुटुंबं हलवली, ती कुठे गेली, कशी राहिली हा विषय वेगळा आणि मोठा. पण आपल्याकडे नर्मदा नाही. आपल्या धरणांचं पाणी शहराला आणि दौंड-इंदापूरच्या शेतीलाच पुरवताना ओढाताण होते. त्यामुळे आपण काठ बांधून पाणी अडवलं तर अडणार ते मैलापाणी मिसळलेलंच.

ते शुद्ध करायची योजना आहे, नाही असं नाही. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून अकरा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, ९९० कोटींची ती योजना २०१६ मध्ये मंजूर झाली. ती सगळी केंद्रं पूर्ण ताकदीने चालू झाली आणि पिंपरी-चिंचवडनेही आपल्या बाजूचं पाणी तितकंच शुद्ध करून सोडलं, तर मी इथे लिहिलेलं बरंचसं जुनं होईल आणि मला त्याचा आनंदच होईल. पण आमच्या दोन वर्षांत पायऱ्या आधी आल्या, पाणी मागे राहिलं. तुम्ही वीस वर्षांचं कर्ज काढून थांबायला तयार असाल तर हिशोब वेगळा. आईला वीस वर्षं थांबायला मी कसं सांगणार?

आता विठ्ठलवाडी. इथलं वाईट आधी सांगतो, आणि ते छोटं नाही.

आम्ही मेमध्ये राहायला आलो आणि २५ जुलै २०२४ ला पूर आला. आदल्या रात्री घाटमाथ्यावर आणि शहरातही तुफान पाऊस. खडकवासला हे चार धरणांतलं सगळ्यात खालचं आणि सगळ्यात लहान, जेमतेम दोन टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). वरून आलेलं पाणी त्याला धरून ठेवता येत नाही, भरलं की सोडावंच लागतं. त्या दिवशी विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफुटांच्या, वर गेला. इथल्याच नदीकाठच्या एकता नगरीत पहाटे पाणी शिरलं. आम्हाला जाग आली ती खालच्या गल्लीतल्या आरडाओरड्याने. निरोप बऱ्याच जणांना पाणी दारात आल्यावर मिळाला. लष्कराची तुकडी आली, बोटी आल्या. डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत तिघांचा विजेच्या धक्क्याने जीव गेला. आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्या खाली पाणी थांबलं. वीज सव्वीस तास नव्हती, लिफ्ट बंद, आई घरातच. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये खालच्या गल्लीतली अकरा माणसं दोन रात्री राहिली. त्यातल्या एका काकूंनी पिशवीतून फक्त औषधं आणि देवाची पितळी मूर्ती आणली होती. बाकी सगळं पाण्यात. त्या मूर्तीतून गाळ निघत होता, तो आईने आणि त्यांनी मिळून चिंचेने घासून काढला.

म्हणून विठ्ठलवाडीकडे घर बघणाऱ्याला मी सगळ्यात आधी विचारतो: लाल रेषा बघितलीस का? जलसंपदा विभागाच्या नकाशात दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधे काही अटींवर बांधकाम होतं, त्यामुळे परवानगी आहे एवढ्यावर विश्वास टाकू नका. मला एका बिल्डरच्या माणसाने छातीठोक सांगितलं होतं की "सर, इथे पाणी कधीच येत नाही." ती इमारत २५ जुलैला पार्किंगभर बुडाली. मी ती घेतली नाही ते माझ्या हुशारीमुळे नव्हे. शेजारच्या पानटपरीवरच्या आजोबांनी १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटलं त्या दिवशी, पाणी कुठवर होतं ते हात करून दाखवलं होतं. पुण्यात जुन्या माणसाला हे विचारा. कुठलाही नकाशा न बघता ती सांगतात.

आणि ओढे बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये एका रात्रीत आंबिल ओढ्याने कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत जो हाहाकार केला तो नदीने केलेला नव्हता. सिंहगड रोडच्या टेकड्यांवरून उतरणारे किती ओढे आज रस्त्याखालच्या नळ्यांत कोंबलेत ते मोजवत नाही. नदीपासून लांब आणि ओढ्याला खेटून अशी घरं मला नदीकाठच्या घरांपेक्षा जास्त धोक्याची वाटतात. हे माझं मत, अभियंत्याचं नव्हे.

वाहतुकीबद्दल काय बोलायचं? सिंहगड रोड म्हटलं की पुणेकर मान हलवतो. उड्डाणपूल झाल्यापासून थोडा श्वास मिळाला, पण मेट्रो दाराशी नाही. भाच्याला इथून खराडी म्हणजे रोज सव्वा ते दीड तास एका बाजूचा. याला माझ्याकडे उत्तर नाही.

पाणी इथलंही स्वच्छ नाही, हे स्पष्ट सांगतो. खडकवासल्यापासून खाली किरकटवाडी, नांदेड, शिवणे, उत्तमनगर ही गावं अलीकडच्या वर्षांत महापालिकेत आली, त्यांचं सांडपाणी नदीतच उतरतं. एप्रिलमध्ये राजाराम पुलावरून स्कूटरने जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण सापडले ते याच रस्त्याच्या पुढच्या भागात जास्त, तेव्हा आमच्या घरी चार आठवडे पाणी उकळून गाळून प्यायलं. घर बघाल तिथे नळाला पाणी कुठून येतं, जलशुद्धीकरण केंद्रातून की विहिरीतून, हे नुसतं विचारू नका, वॉचमनला बाजूला घेऊन विचारा.

एवढं सगळं सांगून झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, मग तुम्ही तिथे का राहताय?"

राहतोय कारण विठ्ठलवाडीच्या आसपास मुठा थोडी तरी वाहते. पात्र उथळ आहे, खडकाळ आहे. पाणी कमी असलं तरी दगडांवरून खळखळत पुढे सरकतं. जलपर्णी इथे येते, नाही असं नाही, पण ती टिकून पसरत नाही. डास आहेत, पुण्यात सगळीकडे आहेत तितके. दिवेलागणीला आमचं पुढचं दार उघडं असतं. सात-साडेसातपर्यंत असतं, आई स्वतः उठून लावते तेव्हाच लागतं. मी जाळीवरचे डास मोजायचं सोडलंय, कारण मोजण्याइतके जमत नाहीत. हे काही शास्त्रीय मोजमाप नव्हे. आमच्या एका घरातला दोन हिवाळ्यांचा अनुभव आहे. शेजारच्या इमारतीत खाली टाकीचं झाकण उघडं असेल तर तिथला अनुभव वेगळा असू शकतो.

विठ्ठलाच्या देवळामागे पायऱ्या उतरून पाण्याजवळ जाता येतं. तिथे ना दिव्यांचे खांब आहेत ना सायकलचा रस्ता. निर्माल्य पडलेलं असतं, कपडे धुणाऱ्या बायका असतात, आषाढी एकादशीला तर पाय ठेवायला जागा नसते. पण रविवारी सकाळी मी आणि मुलगी तिथे पक्षी बघतो. खंड्या ठरलेल्या फांदीवर असतो. शेकाट्या असतो, लांब लाल पायांचा. तो दिसला की मुलगी खूश होते आणि मी थोडा खट्टू, कारण पक्षी बघणारे मित्र सांगतात की शेकाट्या वाढले म्हणजे पाणी बिघडलं. मागच्या हिवाळ्यात आम्ही एका सकाळी तेवीस मोजले. कल्याणीनगरला जलपर्णीच्या त्या गालिच्यावर बगळे चालताना दिसायचे, पाणी मात्र दिसायचं नाही. घराजवळ नदी असावी असं म्हणताना मला तरी पाणी दिसावं, ते हलताना दिसावं, एवढंच अभिप्रेत होतं.

पुराची भीती मी हलकी करत नाही. पण माझ्या मनात ती अशी बसली आहे: ती वर्षातले पाच-सहा दिवस असते, आधी कळायची शक्यता असते आणि घर कुठे व कितव्या मजल्यावर घ्यायचं हे ठरवून ती बरीचशी टाळता येते. जुलै-ऑगस्टमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर विसर्गाचे आकडे येत राहतात, भिडे पूल पाण्याखाली गेला की आम्ही गाड्या वरच्या गल्लीत नेऊन लावतो. आता त्याची सवय झाली आहे. डासांची संध्याकाळ मात्र सहा महिने रोज येते आणि घर बदलल्याशिवाय तिच्यावर माझ्या हातात काही नव्हतं. ज्यांचं घर लाल रेषेच्या आत आहे त्यांनी अर्थातच हा हिशोब करू नये. त्यांच्यासाठी पाच-सहा दिवस म्हणजे सगळं घर.

कुणाला कल्याणीनगर बरं पडेल? ज्यांची नोकरी पूर्वेला आहे, जे रात्री आठनंतरच घरी येतात, एसी लावून झोपतात, त्यांना मी सांगतो तितका त्रास कदाचित जाणवणारही नाही. आमचे एक स्नेही तिथेच चौदाव्या मजल्यावर राहतात, त्यांच्याकडे डास खरंच कमी. मी दोनदा फेब्रुवारीत जाऊन बसलोय. म्हणजे वरचा मजला परवडत असेल तर चित्र बदलतं. सकाळी फिरायची सवय असलेल्या निवृत्त माणसाला तर तो काठ म्हणजे वरदान आहे. आई आजही म्हणते, "तो रस्ता इथे आणता आला असता तर." तेही येईल. मुठेच्या काठाचेही टप्पे त्या आराखड्यात आहेत. तेव्हा इथे पाणी अडवून ठेवणार की वाहू देणार, याकडे मी डोळे लावून बसलोय आणि हरकती-सूचना मागवतील तेव्हा पहिला अर्ज माझा असेल.

भाचेसून परवा मुलीला घेऊन आली होती. साडेसहाला आईने दिवा लावला, दार उघडं होतं, नात उंबऱ्यात बसून शेवया खात होती. भाचेसून बराच वेळ बाल्कनीत उभी होती. मग म्हणाली, "मामी, इथे संध्याकाळी खिडकी उघडी ठेवता तुम्ही?" बायको हो म्हणाली. एवढंच बोलणं झालं, पण रात्री भाच्याचा फोन आला तो खराडीपासून इथलं अंतर वेगवेगळ्या वेळी किती लागतं हे विचारायला.

त्याने काय ठरवावं हे त्याचं त्याला ठरवू दे, रोजचा दीड तास मी त्याच्या गळ्यात मारणार नाही. त्याला एवढंच सांगितलंय की दलालाला सकाळची वेळ देऊ नकोस. दोन्हीकडे फेब्रुवारीत जा, संध्याकाळी सव्वासहाला बाल्कनीचं दार उघड आणि पंधरा मिनिटं तिथेच बस, मुलीला घेऊन. आणि इकडचं घर आवडलंच तर सही करण्याआधी एकदा जुलैत ये, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं असेल त्या दिवशी. मला आदल्या रात्री फोन कर, विसर्गाचा आकडा मी सांगतो.